काच गळत नाही

जुलै 2023 मधील एका रात्री आमच्या हातून द्वितीय वर्षाच्या वर्गातील 47 उत्तरपत्रिका भिजल्या. चाचणी मध्ययुगीन मराठी वाङ्मयाची होती. गठ्ठा गाडीतल्या पुढच्या आसनापाशी, पायाशी ठेवलेला राहून गेला, रात्रभर पाऊस झाला, आणि सकाळी दार उघडले तेव्हा पायपुसणे पाण्यात तरंगत होते व गठ्ठ्याच्या खालच्या कडेने निळी शाई पानोपानी वर चढलेली होती. पंख्याखाली पाने वाळत घालून बहुतेक उत्तरे आम्ही कशीबशी वाचली. तीन मुलांची मात्र पुन्हा तोंडी परीक्षा घ्यावी लागली. लीळाचरित्राची मूळ प्रत खिलजीच्या सैन्याच्या धामधुमीत गेली व शिष्यांनी तो ग्रंथ आठवणीतून पुन्हा सिद्ध केला, असे महानुभाव परंपरा सांगते. नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर ज्याचे वाहून गेले होते, तो मुलगा ते आठवणीतून पुन्हा सांगू लागला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होते, ते आम्हांला शिक्षक म्हणून फारसे भूषणावह वाटले नाही.

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1987 सालची. आम्ही दोघे रत्नागिरीत मराठी शिकवतो. आमच्यातला एक भाषाविज्ञानाकडचा, एक जुन्या वाङ्मयाकडची. गाडी बाबांची. बाबा आमच्यापैकी कोणाचे वडील, हे सांगायचे मुद्दामच टाळतो आहोत, कारण एका घरात वीस वर्षे राहिल्यावर तो प्रश्न आता घरात कोणी विचारत नाही. त्यांनी ही गाडी 1994 मध्ये जुनीच घेतली. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे बाकासारखे सलग आसन, 1089 सीसीचे इंजिन. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत आंबा घाटाने कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे जाणेयेणे याच गाडीने झाले, आणि त्या बाकावर आईला आडवे होता येत असे. नजर अधू झाल्यामुळे 2019 नंतर बाबांनी गाडी चालवली नाही. पुसतात मात्र रोज.

त्या सकाळी त्यांचे म्हणणे एवढेच होते, "यंदा आगोटीला सिलिकॉन लावायचं राहिलं. त्याचं आहे हे."

आगोट हा शब्द घाटावरच्या वाचकांस कदाचित समजावून सांगावा लागेल. पावसाळ्यापूर्वीची बेगमी, असा त्याचा कोशातला अर्थ. पण कोकणात तो जवळजवळ एक ऋतूच आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात लाकूडफाटा आत घेणे, मसाले-सांडगे डब्यांत भरणे, कौले चाळणे, फुटकी बदलणे, पडवीला झडप बांधणे. बाबांच्या आगोटीच्या यादीत कौलांच्या खालोखाल गाडीची पुढची काच होती. काचेच्या भोवतीच्या रबरावर ते नळीतून सिलिकॉनची रेघ ओढीत आणि ओल्या बोटाने ती दाबून बसवीत. दोनतीन दिवस गाडीत एक आंबूस वास राही. तो वास म्हणजे पाऊस जवळ आल्याची खूण, असे आम्ही इतकी वर्षे मानत आलो. किती वर्षे? बाबांच्या हिशेबाने सोळा. म्हणजे त्या रबरावर सोळा रेघा होत्या, एकीवर एक.

वस्तुतः आम्ही त्या दिवशी सिलिकॉनची नळी आणून सतरावी रेघ ओढणार होतो. उघडीप मिळेना म्हणून राहिले. गाडीवर ताडपत्री आली, आणि मग गणपतीच्या सुट्टीत एका माजी विद्यार्थ्याने (तो आता मुंबईत वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यवसायात आहे आणि त्याचे व्याकरण अजूनही अशुद्ध आहे) आम्हांला एक युक्ती सांगितली. काच आतून कोरडी करा, रबराच्या आतल्या कडेने खडूची पूड भुरभुरवा, आणि बाहेरून खालपासून सुरुवात करून थोडे थोडे पाणी ओता. एकदम वरून ओतू नका, नाहीतर कोठून आले ते कळणार नाही. पूड जिथे आधी काळवंडेल तिथे वाट आहे.

खडूची पूड हा पदार्थ आमच्या घरात कधीही कमी पडलेला नाही. एकाने आत बसून बॅटरी धरली, एकीने बाहेरून तांब्याने पाणी ओतले. आमची समजूत अशी की पाणी डावीकडून येते, कारण साचते डावीकडे. पूड काळवंडली ती उजव्या वायपरच्या खाली, आणि मग पुष्कळ वेळाने वरच्या कडेला, आरशाच्या मागे. डावीकडचा कोपरा शेवटपर्यंत कोरडा होता. अंगणाला डावीकडे उतार आहे. पाणी उजवीकडून आत शिरे, रबराच्या पन्हाळीतून काचेच्या पायथ्याने आडवे वाहत डाव्या टोकाशी येई, तिथून खांबाच्या पोकळीत उतरे आणि पायाशी साठे. बाबा सोळा वर्षे सर्वांत जाड रेघ डावीकडे ओढीत आले होते.

येथे भाषेविषयी एक अवांतर. पाण्याच्या अशा नको असलेल्या येण्याला मराठीत शब्दांची टंचाई नाही. छप्पर गळते, भिंत पाझरते, नळ ठिबकतो, जमिनीत पाणी झिरपते, गालांवरून ते ओघळते, आणि भिजलेली छत्री निथळते. प्रत्येक क्रियापदात पाण्याचा वेग आणि वाट निराळी. या गाडीत यांपैकी निदान चार क्रिया एकामागून एक घडत होत्या, आणि आम्ही सर्वांना मिळून एकच वाक्य वापरत होतो: काच गळते. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. फक्त काच गळत नाही. काचेला गळता येत नाही.

हे वाक्य आमचे नव्हे, मिस्त्रींचे. त्यांच्यापर्यंत पोहोचायला दिवाळीची सुट्टी उजाडली. मधल्या काळात एक बातमी आली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या 29 ऑक्टोबरला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ही काळी-पिवळी रस्त्यावरून कायमची गेली. वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त करणारे लेख छापले. बाबांनी ते सगळे आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतले आणि म्हणाले, "आपली खाजगी आहे. आपली 2027 पर्यंत पास आहे." पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी खाजगी गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, ती 2022 मध्ये झाली होती. बाबांना तारखा आणि अंक चुकत नाहीत. पण त्या वाक्यात एक प्रश्न दडलेला होता व तो आम्हां दोघांनाही ऐकू आला: तुम्ही ती काढणार तर नाही ना?

काढण्याचा विचार आमच्या मनात नव्हता असे म्हटले तर खोटे होईल.

मिस्त्रींचे गॅरेज मिरजोळ्याच्या बाजूला. त्यांनी रबर बोटाने दाबून पाहिले, नखाने सिलिकॉनचा एक पदर सोलला, हुंगला, आणि वर सांगितलेले वाक्य उच्चारले. "सर, काच नाही गळत. काचेखालचा पत्रा गेलाय." मग त्यांनी रबराला धारदार पात्याने चिरा दिल्या, आतून दोन्ही हातांनी काच हलकेच ढकलली, आणि सदतीस वर्षे मिटलेली ती चौकट पहिल्यांदा उघडी पडली. (छत्तीस म्हणायला हवे, बाबा वाचतील.)

या जुन्या गाड्यांत काच चिकटवलेली नसते. तिच्याभोवती जाड रबर असते आणि त्या रबराला दोन खाचा असतात. एकीत काचेची कड बसते, दुसरी खाच पत्र्याच्या उभ्या काठावर चढते. म्हणजे काच आणि पत्रा यांची एकमेकांशी थेट भेट होतच नाही. दोघांना धरून ठेवणारे रबर मऊ आहे तोवर सगळे ठीक. उन्हाने ते कडक झाले, आक्रसले, की खाचेत फट पडते. त्या फटीतून पाणी आत जाते, आणि समुद्रकाठच्या गावात ते पाणी नुसते पाणी नसते. पत्र्याचा तो उभा काठ रबराखाली झाकलेला असल्याने त्यावर रंगाचा हात मुळातच पातळ. खालच्या दोन कोपऱ्यांत पाणी थांबते, म्हणून गंज तिथे सुरू होतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. तो फुगतो, रबराला आतून उचलतो, आणि फट आणखी रुंद करतो. पाणी गंज करते आणि गंज पाण्याला वाट करून देतो.

आमच्या चौकटीच्या खालच्या काठाची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, चाळण झाली होती. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले तर ते आत गेले. पापुद्रे सुटे झाले, पिकल्या फणसाच्या सालीसारखे, काळे-तांबडे. वरचा काठ बरा होता. आणि सर्वत्र, प्रत्येक पापुद्र्याच्या माथ्यावर, सिलिकॉनचे ते रबरी थर, अगदी शाबूत, स्वच्छ, दुधी.

"हे कोणी लावलं?" मिस्त्रींनी विचारले.

आम्ही सांगितले.

मग त्यांनी जे समजावले त्याचा सारांश असा. रबराच्या बाहेरच्या ओठातून थोडे पाणी आत जाते ते ऊन पडले की त्याच वाटेने वाळूनही जाते. बाहेरचा ओठ सील केला की जे आत आहे ते आतच राहते. पाणी शिरायचे ते दुसरीकडून शिरतच होते; बाहेर पडायचे मात्र थांबले. शिवाय तो आंबूस वास. सिलिकॉनचा हा प्रकार वाळताना त्यातून अॅसेटिक आम्ल सुटते, सिरक्यात असते तेच, आणि उघड्या लोखंडाला ते गंज चढवते. न्हाणीघराच्या फरशीला, काचेच्या कपाटाला हे सिलिकॉन उत्तम. पत्र्याला नव्हे.

म्हणजे मूळ गळती लहानच असावी. सोळा आगोटींनी ती मोठी केली होती.

खर्चाचा अंदाज साडेअठरा हजार. भंगारवाल्याने दसऱ्याला सहज विचारले होते तो आकडा याहून थोडा मोठाच होता. आम्ही गॅरेजबाहेरच्या टपरीवर चहा घेतला आणि तिथे 'आम्ही' हे सर्वनाम जरा ढिले पडले. एकाचे म्हणणे, दुरुस्ती करू, पण कारण बाबांना सांगायचे नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला त्याची काळजीच गाडीला बाधली हे सांगून काय साधणार? एकीचे म्हणणे, मग पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा नळी घेऊन बसतील, आणि तेव्हा त्यांच्या हातातून ती काढून कशी घेणार? दोन्ही म्हणणी खरी होती. चहा संपला तेव्हा फक्त दुरुस्तीचे ठरले होते.

काम अकरा दिवस चालले आणि सुट्टी असल्याने आम्ही रोज जात होतो. प्रथम बॅटरीची तार काढली, डॅशबोर्डखालच्या वायरी ओल्या गोणपाटाने झाकल्या. मग सडलेला पत्रा कापण्याचे काम. कोठवर कापायचे हा यातला खरा प्रश्न, आणि त्याला मोजपट्टी नाही. मिस्त्री छोट्या हातोडीने काठावर टकटक करीत पुढे सरकत. धड पत्रा खणखणतो, गंजलेला भदभदतो. जिथे आवाज बदलला तिथे खडूने खूण करीत, आणि कापताना त्या खुणेच्या बोटभर पलीकडे, धड पत्र्यात, करवत घालीत. "गंजापाशी थांबलं की गंज उरतो. चांगल्यातलं थोडं सोडावं लागतं." आमच्यातली एक अठरा वर्षे वर्गात सांगत आली आहे की एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, अपपाठ काढून टाकले. अठरा वर्षांत तिच्या मनात हे कधी आले नाही की अपपाठ कोठे संपतो आणि पाठ कोठे सुरू होतो हे नाथांना कोणत्या आवाजावरून कळले असेल, आणि चांगल्यातलेही थोडे त्यांच्या हातून गेले असेल का. विद्यार्थ्यांनीही विचारले नाही. परीक्षेला साल विचारतात.

नवा पत्रा मिस्त्रींनी रुळाच्या तुकड्यावर ठोकून वळवला. कोपऱ्याचा बाक एका झटक्यात येत नाही. तीनदा लावून पाहिला, तीनदा काढला. डाग देताना सलग रेघ ओढली नाही. इथे एक टाका, वीतभर सोडून दुसरा, मग पहिल्या दोहोंच्या मधला, कारण पातळ पत्रा एका जागी तापला की वाकतो आणि वाकलेल्या काठावर काच बसवली की तडकते. त्यानंतर घासणे, गंज मारणारे द्रावण, प्रायमर, सांध्यांवर सीलर, रंग. जो भाग रबराखाली जाणार व कोणाला दिसणार नव्हता, तिथे रंगाचा एक हात अधिक दिला. मग चार दिवस काही नाही, फक्त वाळणे. हे चार दिवस बाबांना सर्वांत जड गेले.

रबर त्या माजी विद्यार्थ्याने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून पैदा केले आणि कोकण रेल्वेने पाठवले. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात गाडी तयार झाली त्याच कुर्ल्यातून तिचे रबर आले, याची आम्हांला उगीचच मौज वाटली.

काच बसवायच्या दिवशी मिस्त्रींचा पोरगा भाऊबीजेला गेलेला होता, त्यामुळे आम्हांला हात लावायला मिळाला. रबर आधी काचेवर चढवतात. मग पत्र्याच्या बाजूच्या खाचेत सर्व बाजूंनी एक दोरी घालून तिची दोन्ही टोके आत सोडतात. साबणाचे पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवायची, एकाने बाहेरून तळहाताने दाबायचे आणि आतल्याने दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या काठावर उलटून बसतो, वीतवीतभर, तळापासून वरपर्यंत. जोर लागत नाही. दाबणाऱ्याने आणि ओढणाऱ्याने एकाच जागी असले पाहिजे, एवढेच. आम्ही दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा दोरी संपली तेव्हा आतल्या हातात ती ओली, फेसाळ, सबंध आलेली होती आणि बाहेर मिस्त्री "बास, बास, मॅडम" म्हणत होते.

गाडी घरी आली. बाबांनी काच पुसली, रबरावरून बोट फिरवले, आणि विचारले, "सिलिकॉन नाही लावलं?"

आमच्यापैकी एकाने खाली पाहिले. एकीने गाडीची डिकी उघडली. मिस्त्रींनी कापून काढलेला डावा कोपरा वर्तमानपत्रात गुंडाळून तिथे ठेवलेला होता; टाकवला नव्हता. तो तिने बाबांच्या हातात दिला. ठरले नव्हते, तसे काहीच ठरलेले नव्हते.

बाबांना आता बारीक दिसत नाही, पण बोटांना कळते. त्यांनी तो तुकडा उलटसुलट केला. सिलिकॉनचा एक पदर नखाने उचलला, मग त्याखालचा, मग त्याखालचा. पापुद्रे त्यांच्या लेंग्यावर पडत होते. "आत पाणी राहायचं?" त्यांनी विचारले. आम्ही हो म्हटले. मग बराच वेळ ते बोलले नाहीत. नंतर म्हणाले ते आमच्याशी नव्हते. "कौलांना कोणी सिमेंट लावत नाही. वारा लागला पाहिजे, म्हणून लावत नाही. मला माहीत होतं हे." तो तुकडा त्यांनी पडवीच्या फळीवर ठेवला. अजून तिथेच आहे.

मे 2024 मध्ये आगोटीची कामे नेहमीप्रमाणे झाली. सिलिकॉनच्या उरलेल्या दोन नळ्या बाबांनी न्हाणीघरातल्या बेसिनला संपवल्या. गाडीपाशी ते जुना दाढीचा ब्रश घेऊन बसले आणि काचेच्या पायथ्याशी अडकलेला आंब्याचा मोहोर, पाने, माती झाडत राहिले. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री दोनच्या सुमारास अंगणात बॅटरीचा उजेड दिसला. आम्ही छत्री घेऊन गेलो. बाबा पुढच्या बाकावर बसलेले, मांडीवर खडूच्या पुडीचा डबा.

"बघा," ते म्हणाले. पूड सगळीकडे पांढरी होती. वरच्या कडेला, आरशाच्या मागे, बोटभर जागा तेवढी काळसर.

एकाने विचारले, सकाळी तिथे काही लावू का.

"काही लावू नका," बाबा म्हणाले. "मिस्त्रींना बोलवा."